आमच्या ओटीवरची बंदूक

गेल्या आषाढात आमच्या वयास सत्तर वर्षे पुरी झाली. सत्तरी गाठलेल्या माणसास घरची मंडळी प्रकृतीविषयी विचारतात, तीर्थयात्रेविषयी विचारतात, फार तर मृत्युपत्राविषयी आडून आडून चौकशी करतात. आम्हांस मात्र या निमित्ताने एक निराळाच प्रश्न पडला आहे, आणि तो कायद्यानेच उपस्थित केला आहे. आमच्या घरी एक बंदूक आहे. २०१६ सालच्या शस्त्रनियमांप्रमाणे परवाना बाळगणारा मनुष्य सत्तर वर्षांचा झाला, अथवा त्याने पंचवीस वर्षे शस्त्र बाळगले, म्हणजे ते शस्त्र हयातीतच कायदेशीर वारसाकडे सोपविण्याची वाट मोकळी होते. अर्थात त्या वारसास परवाना मिळाला पाहिजे. दोन्ही अटी आमच्याकडून पुऱ्या झाल्या आहेत. वारसही ईश्वरकृपेने पुष्कळ आहेत. परंतु ही वस्तू घ्यावी की न घ्यावी, या बाबतीत घरात दोन तट पडले, आणि त्या वादातून आमच्या कुटुंबाचा नव्वद वर्षांचा एक जुना हिशेब पुन्हा उघडला गेला. तो वाचकांपुढे मांडावा, असे वाटल्यावरून हे चार शब्द लिहीत आहोत.

ज्या समाजात बंदूक हे भूषण मानतात, तेथे ती बाळगणे सोपे आहे. ज्या घरात, ज्या जातीत आणि ज्या गावात तिचे नाव निघताच कपाळास आठ्या पडतात, तेथे ती बाळगणाऱ्यास काय काय शिकावे लागते, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

बंदूक घरात कशी आली

प्रवरा नदी रतनगडाच्या कुशीत उगम पावते आणि थोड्याच अंतरावर भंडारदऱ्याच्या धरणात अडते. या धरणाचे काम १९१० साली सुरू झाले व १९२६ साली पुरे झाले. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव त्यास देण्यात आले. सुमारे ८२ मीटर उंचीची ती दगडी भिंत हे त्या काळी सर्व देशात एक नवल होते. आमचे आजोबा मूळचे संगमनेरचे. इंग्रजी चार इयत्ता शिकून ते धरणाच्या कचेरीत कारकून लागले. काम संपल्यावर बाकीची कारकून मंडळी बदलून गेली. आजोबांना मात्र त्या डोंगराचा आणि पाण्याचा असा काही लळा लागला होता की, त्यांनी शेंडीजवळ थोडी भातजमीन खरेदी केली आणि तेथेच घर बांधले. ती जमीन कोणी विकली आणि कोणत्या अडचणीत विकली, हे पुढे येईलच.

१९३४ साली त्यांनी बारा बोअरची दुनळी बंदूक घेतली. अर्जात कारण लिहिले होते, ते असे की, एकाच पावसाळ्यात वाघाने गोठ्यातून दोन कालवडी नेल्या. आमच्याकडे बिबट्यासही वाघच म्हणतात. कारण खरे होते. परंतु बंदूक ज्या दिवशी घरी आली, त्या दिवशी आमच्या आजीने दोन प्रहरी जेवावयास नकार दिला. “ज्या वस्तूतून जीव जातो, ती वस्तू घरात आणायची असेल, तर देव कशाला ठेवले आहेत?” असे ती म्हणाली. अखेरीस तडजोड निघाली. बंदूक माजघराच्या आत यावयाची नाही. ओटीवरच्या खुंटीस राहील.

पुढे खंडेनवमीस पुन्हा वाद झाला. आजी त्या दिवशी विळी, कोयता, कुऱ्हाड, नांगराचा फाळ अशी सारी हत्यारे घासूनपुसून मांडीत असे आणि त्यांवर हळदकुंकू वाहत असे. आजोबांनी बंदूक आणून त्या रांगेत ठेवली. आजीने ती उचलली नाही, कारण तिने तिला जन्मात कधी हात लावला नाही. तिने उलट बाकीची हत्यारे उचलून दुसऱ्या पाटावर मांडली. “कोयत्याने भात कापतात, विळीने भाजी चिरतात. हिने काय करतात, ते सांगा, मग पूजा करीन,” असा तिचा प्रश्न होता. आजोबांसारख्या वाक्पटू माणसास त्याचे उत्तर सुचले नाही, असे आमच्या आत्याबाई सांगत.

नापसंती केवळ दयेची नव्हती

आमच्या नातेवाईक मंडळींचाही बंदुकीवर रोषच होता. आत्याबाईंच्या लग्नाची बोलणी चालू असता पुण्याच्या एका घराण्याने मध्यस्थामार्फत विचारून घेतले की, “मुलीचे वडील शिकार करतात, हे खरे का? आणि घरात मांस शिजते का?” मांस तर दूरच, आजोबांनी आयुष्यात एक ससा मारला नव्हता. तरीही ते स्थळ गेले ते गेलेच. मुलीच्या पत्रिकेत मंगळ असता तर शांत करता आला असता. ओटीवरच्या बंदुकीस शांत करण्याचा विधी कोणास ठाऊक नव्हता.

या नापसंतीस आपण अहिंसेचे नाव देतो. ते काही अंशी खरेही आहे. परंतु परशुरामाची कथा सांगणाऱ्या, पेशव्यांच्या स्वाऱ्यांचा अभिमान बाळगणाऱ्या समाजास शस्त्राचे वावडे मुळापासून होते, असे म्हणता येणार नाही. त्यामागे दुसरेही एक कारण आहे, आणि ते म्हणजे भय. लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत १८७८ साली शस्त्रांचा कायदा आला व हिंदी माणसास परवान्यावाचून हत्यार बाळगणे गुन्हा ठरला. १८८७ साली मद्रासच्या काँग्रेसने हा कायदा सैल करण्याची मागणी केली. पुढे १९१८ साली महात्मा गांधींनीही, अहिंसेचे पुरस्कर्ते असूनही, एका सबंध राष्ट्रास निःशस्त्र करणाऱ्या या कायद्याची गणना ब्रिटिश राज्याच्या सर्वांत काळ्या कृत्यांत केली. सुशिक्षितांस या कायद्याचा अपमान डाचत होता, परंतु त्याबरोबरच शस्त्राचा परिणामही ते पाहत होते. २२ जून १८९७ रोजी पुण्यास रँडवर गोळी झाडली गेली, आणि चाफेकर बंधू फासावर गेले. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशकास, म्हणजे आमच्या भंडारदऱ्यापासून एका दिवसाच्या वाटेवर, नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांस अनंत कान्हेरे यांनी मारले. १९१० साली कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांस ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्यानंतर धरपकड झाली, झडत्या झाल्या. घरात पिस्तूल नसले तरी त्याची चर्चा नको, असे वडीलधाऱ्यांस वाटू लागले, तर त्यात नवल नाही.

आणि मग १९४८ साल उजाडले. ३० जानेवारीस गांधीजींचा खून झाला. खुनी पुण्याचा, आमच्या जातीचा, आणि हत्यार पिस्तूल. त्यानंतरच्या दिवसांत पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे जळाली. सातारा भागातील आमचे एक आप्त अंगावरच्या वस्त्रांनिशी आमच्याकडे आले. ते ओटीवर टेकले, खुंटीकडे पाहिले आणि आजोबांस म्हणाले, “तुमच्याजवळ निदान हे तरी आहे.” आमचे वडील त्या वेळी अठरा वर्षांचे होते, पुढची हकीगत त्यांच्या तोंडून आम्ही अनेकदा ऐकली. आजोबा रात्रभर ओटीवर बसून होते. पहाटे त्यांनी बंदूक गोणपाटात गुंडाळली, काडतुसांची पेटी घेतली आणि उजेडात, सर्वांच्या देखत, चालत जाऊन दोन्ही वस्तू पोलिसांच्या स्वाधीन केल्या. “हिच्यात दोन बार आहेत,” ते म्हणाले. “जमाव आला तर मी दोन माणसे मारीन. तिसरा माणूस घर जाळील, आणि त्याला न्याय वाटेल.” आमच्या घरास त्या दिवसांत धक्का लागला नाही. तो बंदूक नसल्यामुळे लागला नाही, की शेजारधर्मामुळे, हे आज कोणी सांगू शकणार नाही. सहा महिन्यांनी बंदूक परत आली व पुन्हा खुंटीस लागली. परंतु तिच्यावरचा विश्वास मात्र, आमच्या मते, परत आला नाही.

किल्ली कोणाकडे

या सर्वांच्या आधीची, १९३८ सालच्या दिवाळीतील एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे, कारण घराने जो नियम केला तो तिच्यातून निघाला. एक पाहुणे आले होते. फराळ चालला असता त्यांनी खुंटीवरची बंदूक सहज काढली, “रिकामीच असेल,” असे म्हणून खांद्यास लावली आणि थट्टेने चाप ओढला. बंदूक रिकामी नव्हती. छऱ्यांनी वरची कौले फुटली आणि त्यांचे तुकडे पाळण्यात निजलेल्या आमच्या वडिलांच्या धाकट्या भावाच्या अंगावर पडले. मूल रडले, त्यावरून ते जिवंत आहे एवढे कळले. इजा काही झाली नाही. नळी दीड हात खाली असती, तर हा लेख आम्ही लिहिला नसता.

आजीने त्या वेळी आरडाओरडा केला नाही. तिने आजोबांकडे काडतुसांच्या पेटीची किल्ली मागितली, आणि आपल्या कमरेच्या जुडग्यात अडकविली. तेव्हापासून आमच्या घरी असा रिवाज पडला की, परवाना पुरुषाच्या नावाचा, पण काडतुसांची किल्ली घरातील ज्या बाईस बंदूक मुळीच आवडत नाही तिच्याकडे. आजीकडून ती आमच्या मातोश्रींकडे आली, व त्यांच्याकडून आमच्या वहिनींकडे. हा रिवाज कोणत्याही कायद्यात लिहिलेला नाही. परंतु आम्हांस असे वाटू लागले आहे की, सरकारच्या परवान्याहून हा दुसरा परवाना अधिक कडक होता. सरकारचा परवाना तीन वर्षांनी, आणि २०१९ च्या दुरुस्तीपासून पाच वर्षांनी, नव्याने काढावा लागतो. हा दुसरा परवाना ज्या त्या वेळी मागावा लागे, आणि प्रत्येक वेळी कारण द्यावे लागे.

आजच्या शास्त्राचेही म्हणणे याहून फार निराळे नाही. परदेशांत झालेल्या अभ्यासांवरून असे दिसते की, घरात बंदूक असली म्हणजे तिने चोर मरण्यापेक्षा घरातीलच कोणी अपघाताने, रागाच्या भरात किंवा निराशेच्या घटकेस दगावण्याचा धोका वाढतो. बंदूक आणि काडतुसे वेगवेगळ्या कुलपांत ठेवावी, असा सल्ला तेथे दिला जातो. अमेरिकेत राहणारा आमचा एक भाचा मुलास मित्राकडे खेळावयास पाठविण्यापूर्वी त्या घरच्या माणसांस विचारतो की, “आपल्याकडे बंदूक आहे काय, आणि असल्यास ती कुलपात आहे काय?” त्या देशात १७९१ पासून शस्त्र बाळगणे हा राज्यघटनेने दिलेला हक्क आहे, तरीही विचारी आईबाप हा प्रश्न विचारतातच. आमच्या आजीने तो १९३८ सालीच विचारला होता.

शेजाऱ्यांची बाजू

आतापर्यंत आम्ही आमच्याच माणसांच्या नापसंतीविषयी लिहिले. परंतु भंडारदऱ्याच्या खोऱ्यात आम्ही मूठभर. हा मुलूख महादेव कोळ्यांचा. डोंगरी किल्ल्यांच्या राखणीवर त्यांच्या नाईकांचा हक्क होता. १८१८ नंतर इंग्रजांनी किल्ले निकामी केले, त्याबरोबर तो मान आणि ती नेमणूक गेली. मागे उरले ते सावकाराचे देणे. अकोले तालुक्यातील देवगावचे राघोजी भांगरे यांनी इंग्रजांविरुद्ध आणि सावकारांविरुद्ध जे बंड उभारले, ते याच रानात. १८४८ च्या आरंभी त्यांस पंढरपुरास पकडले, व २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. भंडारदऱ्याच्या जलाशयास आज त्यांचे नाव आहे. ज्या ठाण्याच्या तुरुंगात पुढे कान्हेरे गेले, तेथेच बासष्ट वर्षे आधी राघोजी गेले होते. परंतु आमच्या घरात कान्हेऱ्यांची गोष्ट सांगत असत आणि राघोजींची कोणी सांगत नसे, हे लिहिताना आम्हांस संकोच वाटतो.

काही वर्षांपूर्वी शेजारचे एक वृद्ध गृहस्थ आमच्या ओटीवर चहास बसले होते. माळकरी मनुष्य, पंढरीची वारी चुकवीत नाहीत. बोलता बोलता बंदुकीचा विषय निघाला. ते हसून म्हणाले, “तात्या, तुमच्या आजोबांनी बंदूक वाघासाठी घेतली, असं ते सांगायचे. आमची म्हातारी मात्र पोरांना सांगायची, बामनाच्या घरावरून रातचं जाऊ नका, त्यांच्याकडं बंदूक हाय.”

हे वाक्य आमच्या मनात रुतून बसले. आम्ही जुने कागद काढून पाहिले. आजोबांनी घेतलेली भातजमीन याच गृहस्थांच्या आजोबांची होती. कर्जापायी ती विकली गेली होती. व्यवहार कायदेशीर होता, किंमतही त्या काळच्या मानाने फार कमी नव्हती. परंतु एका घराकडे जमीन आली, परवाना आला आणि बंदूक आली. दुसऱ्या घराची जमीन गेली, आणि बापजाद्यांनी किल्ले राखले असूनही त्यास ठासणीची बंदूकसुद्धा बाळगता आली नाही. आमच्या लेखी जी वस्तू वाघाच्या भयाची होती, तीच त्यांच्या लेखी आमच्या भयाची होती. आजोबांनी ती कधी माणसावर रोखली नाही. पण खुंटीवरची बंदूक न रोखताही बोलत असते, आणि काय बोलते हे मालकास ऐकू येत नाही. ते शेजाऱ्यास विचारावे लागते. आम्ही नव्वद वर्षांत एकदाही विचारले नव्हते.

पाणी, ऊस आणि बिबट्या

“हे सारे खरे,” असे आमचा पुतण्या म्हणतो, “परंतु बिबट्याचे काय?” घरची शेती तोच पाहतो, तेव्हा त्याचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

येथे एक मौजेची साखळी आहे. भंडारदऱ्याच्या पाण्याने खाली प्रवरेच्या काठी कालवे झाले. कालव्यांनी ऊस झाला. उसाने साखर कारखाने झाले. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी उभा केलेला सहकारी कारखाना १९५० च्या सुमारास सुरू झाला, ही हकीगत सर्वश्रुत आहे. परंतु त्याच उसाने बिबट्यासही घर दिले. दाट फड, बारमाही पाणी, आणि वस्तीभोवती कुत्री, शेळ्या व डुकरे. बिबट्यास याहून अधिक काय हवे? प्राणिशास्त्रज्ञ विद्या अत्रेय यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आमच्याच अकोले तालुक्यात राहून याचा अभ्यास केला. दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे त्यांना आढळले, तेही जेथे रान नावाला नाही व माणसांची दाट वस्ती आहे अशा भागात. त्यांच्या भक्ष्यात पाळीव जनावरांचा वाटा फार मोठा, आणि त्यांतही एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. शिवाय असेही दिसून आले की, बिबटे पकडून दुसऱ्या रानात नेऊन सोडल्याने हल्ले कमी होण्याऐवजी वाढू शकतात. २००९ साली आपल्याच जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे पकडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या माळशेज घाटात सोडला असता महिन्याभरात सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाशी पोचला. रात्रीच्या रात्री रेल्वेचे रूळ आणि वस्त्या ओलांडीत तो गेला, आणि त्याने वाटेत कोणासही दुखविले नाही.

याचा अर्थ बिबट्या निरुपद्रवी आहे, असा नव्हे. जुन्नर व शिरूरकडे माणसे, विशेषतः लहान मुले, दगावली आहेत. ज्या आईचे मूल गेले तिला आकडे सांगावयास जाणे हा निर्दयपणा होईल.

चार वर्षांपूर्वी आमच्याच गोठ्यात बिबट्या शिरला. रात्रीचे दोन वाजले असावेत. गाई हंबरू लागल्या. पुतण्या धावत माजघरात आला आणि वहिनींकडे किल्ली मागू लागला. वहिनी उठून बसल्या, परंतु किल्ली त्यांनी दिली नाही. “अंधारात कोणावर झाडणार?” त्यांनी विचारले. “गाईवर, की गड्यावर? आणि तो नुसता जखमी झाला तर उद्या पाणवठ्यावर कोण जाणार?” मग सर्वांनी मिळून पत्रे वाजविले, विजेचे दिवे लावले, आणि वनखात्याच्या १९२६ या मदतक्रमांकावर कळविले. हा आकडा आणि धरण पुरे झाल्याचे साल एकच असल्यामुळे आमच्या घरातील लहान मुलांसही तो पाठ आहे. बिबट्या निघून गेला. एक वासरू मात्र गेले. सकाळी वनखात्याची माणसे आली, पंचनामा झाला आणि यथावकाश भरपाई मिळाली. गोठ्यास आता पक्के दार व लोखंडी जाळी आहे. तेव्हापासून बिबट्या अंगणात दोनदा येऊन गेला, गोठ्यात मात्र शिरला नाही. आमच्या हिशेबाने जाळीस लागलेला खर्च एका नवीन बंदुकीच्या किमतीहून पुष्कळ कमी आहे.

कायदा काय म्हणतो

पुतण्याच्या हाती किल्ली पडली असती तर काय झाले असते, तेही वाचकांस सांगितले पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्यास मारल्यास किमान ३ वर्षांची कैद आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचविण्यासाठी सद्हेतूने मारल्यास तो गुन्हा होत नाही. परंतु वासरू वाचविण्यासाठी मारल्यास ही सबब चालत नाही. आमच्या भागातील कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली जाहीर झाले. त्याच कायद्यान्वये अभयारण्यात किंवा त्याच्या १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या प्रत्येक परवानाधारकास तीन महिन्यांत वनखात्याकडे आपले नाव नोंदवावे लागते, आणि त्या टापूत वनखात्याच्या संमतीवाचून नवा परवाना मिळत नाही. वडिलांनी ती नोंद केली होती. परवानगीवाचून हत्यार घेऊन अभयारण्यात शिरणेही मना आहे. म्हणजे आमची बंदूक ज्या रानासाठी घेतली, त्या रानात तिला पाऊल टाकता येत नाही.

निवडणूक आली की प्रचारापूर्वी बंदूक राजूरच्या पोलीस ठाण्यात जमा करावी, असा निरोप येतो. गोणपाटात गुंडाळलेले ते लांबोडके गाठोडे घेऊन आम्ही निघालो म्हणजे गावची पोरे म्हणतात, “निवडणूक आली, तात्यांची बंदूक माहेरी निघाली!” गेल्या पंचवीस वर्षांत तिने रानापेक्षा ठाण्याचाच प्रवास अधिक केला.

दसऱ्याची बैठक

यंदा दसऱ्यास सारे कुटुंब जमले तेव्हा आम्ही प्रश्न उघड मांडला. पुतण्याचे म्हणणे असे की, वस्तू वडिलार्जित आहे, परवाना एकदा सोडला तर पुन्हा मिळणार नाही, आणि आडबाजूच्या घरात माणसास काही तरी आधार पाहिजे. “आज काही होत नाही म्हणून उद्या होणार नाही, असे कोणी सांगावे, काका?” या युक्तिवादात तथ्य आहे. बंदुकीस नावे ठेवणाऱ्या आम्हां सुशिक्षितांनी एक गोष्ट ध्यानी धरली पाहिजे की, पुण्यामुंबईच्या बंद दारांआड राहून खेड्यातल्या माणसास निःशस्त्र राहण्याचा उपदेश करणे फुकट पडते. ज्यांना शस्त्र नको, त्यांनी वनखात्याची माणसे वेळेवर पोचावीत, गोठ्यांस जाळ्या मिळाव्यात, भरपाई लांबू नये, यासाठीही तितकाच आग्रह धरला पाहिजे. नुसती नापसंती ही फार स्वस्त वस्तू आहे.

आमची एक नात महाविद्यालयात एन. सी. सी. मध्ये नेमबाजी करते. तिने बंदुकीची बाजू घेतली, पण निराळ्या रीतीने. माहेरच्या वेदपाठक असलेल्या अंजली भागवत एन. सी. सी. मधूनच पुढे येऊन २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीस पोचल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली जगज्जेत्या झाल्या. त्याच जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळविले. “नेम धरणे म्हणजे जीव घेणे नव्हे, आजोबा,” असे ती म्हणते. तिचे म्हणणे आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. पण तिनेच पुढे सांगितले की, नेमबाजीची जागा मैदानावर असते, तेथे शिक्षक असतो, नियम असतात, आणि खेळ संपला की हत्यार कुलपात जाते. “ओटीवरच्या बंदुकीचा त्याच्याशी काही संबंध नाही.” व्यंकटेश माडगूळकरांनी तरुणपणी शिकार केली आणि पुढे हातात दुर्बीण घेतली, रानावरचे त्यांचे प्रेम त्यामुळे उणे झाले नाही, उलट वाढले, हे त्यांचे वाचक जाणतात.

शेवटी वहिनी बोलल्या. “भावोजी, इतकी वर्षे मी ही किल्ली सांभाळली. रोज निजताना कमरेस हात लावून पाहिले. माझ्यामागे कोण पाहील? सुना नोकरीस जातात, मुले परगावी असतात. किल्ली सांभाळणारे घर राहिले नाही, तर बंदूक तरी कशाला ठेवायची?” यावर पुतण्याही गप्प राहिला. आमच्या मते निर्णय तेथेच झाला.

आम्ही परवान्याचे नूतनीकरण न करता बंदूक कायमची जमा करण्याचा अर्ज केला आहे. ज्या वाचकांच्या घरी माळ्यावर, फडताळात किंवा ट्रंकेत एखादे असे वाडवडिलांचे हत्यार पडून असेल, त्यांना दोन शब्द सांगावेसे वाटतात. परवानाधारक वारल्यानंतर ते हत्यार “असू दे आठवण म्हणून” असे म्हणून ठेवणे हा गुन्हा आहे. वारसाने विलंब न लावता ते जवळच्या पोलीस ठाण्यात, अथवा नियमाप्रमाणे परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे आणि पावती घ्यावी. ठेवावयाचेच असेल, तर वारसाने आपल्या नावे परवाना मागावा, सुरक्षिततेचे शिक्षण घ्यावे, बंदूक व काडतुसे वेगळ्या कुलपांत ठेवावी. आणि एवढे सारे झाल्यावर घरात ज्यास ती सर्वांत कमी आवडते, त्याच्या हाती किल्ली द्यावी, व शेजाऱ्यास एकदा चहास बोलावून विचारावे की, आमच्याकडे बंदूक आहे, तुम्हांस काय वाटते?

आम्ही तो प्रश्न फार उशिरा विचारला. शेजारचे ते वृद्ध गृहस्थ परवा आले होते. बंदूक जाणार, हे त्यांना कळले होते. थोडा वेळ ते गप्प बसले, मग म्हणाले, “तात्या, राजूरला जाशाल तव्हा मला हाक मारा. गाठोडं जड हाय, दोघं मिळून नेऊ.” येत्या सोमवारी आम्ही दोघे मिळून ते घेऊन जाणार आहोत.